गंगापूर रोडवरची कंट्री गाण्यांची बैठक, पाच वेळा जाऊन आल्यावर लिहितेय

पाच वेळा जाऊन आले म्हणून आता लिहायला बसले, नाहीतर पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर नुसतं भारी भारी एवढंच लिहून मोकळी झाले असते. जागा नाशिकच्या गंगापूर रोडला, सोमेश्वरच्या अलीकडे एका गल्लीत आत, जुन्या बंगल्याचं गॅरेज आहे, शेजारी इस्त्रीवाल्याची टपरी. नाव टाकत नाहीये कारण बैठक भरवणाऱ्या काकांनीच सांगितलंय टाकू नका. खुर्च्या २५ आणि मागे कुणीतरी ग्रुपवर फॉरवर्ड केलं तेव्हा साठ माणसं आली, निम्म्यांना गेटवरूनच परत पाठवावं लागलं, त्यात दोन आज्जी सिडकोवरून रिक्षा करून आल्या होत्या. ते काकांना फार लागलं. ज्यांना खरंच यायचंय त्यांनी मला मेसेज करा, मी काकांना विचारून सांगते.

तर असतं काय, महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, साडेसहा ते नऊ. अमेरिकेतले कंट्री म्युझिकवाले कलाकार गाणं कसं लिहिलं, गावोगाव कसे फिरले, घरी काय चालायचं हे ज्यात बोलतात त्या मुलाखती काका पडद्यावर थोड्या थोड्या दाखवतात, मधे थांबवतात, मराठीत समजावून सांगतात आणि मग ते गाणं ऐकवतात. काका नोकरीमुळे तीन वर्षं टेनेसीत, म्हणजे कंट्री गाण्याचं माहेरघर असलेल्या अमेरिकेतल्या राज्यात होते, त्यामुळे त्यांना हे सगळं जवळून माहितीये. २०० रुपये घेतात, त्यात चहा आणि काकूंच्या हातचं भाजणीचं थालीपीठ लोण्यासकट. मला विचाराल तर थालीपीठाचेच तेवढे होतात.

कंट्री म्हणजे काय हे मला आधी धड माहीत नव्हतं, टोपीवाले लोक आणि गिटार एवढंच. खरं तर ते तिकडचं खेड्यापाड्यातलं गाणं, खाणकामगार, शेतकरी, रेल्वेवाले यांचं. पहिल्याच बैठकीत काकांनी जिमी रॉजर्सचं रेकॉर्डिंग लावलं, हा माणूस रेल्वेत ब्रेकमन होता, १९२७ ला पहिल्यांदा रेकॉर्ड झाला आणि १९३३ ला टीबीनं गेला, वय फक्त ३५. त्यानं मधेच यॉडलिंग, म्हणजे आवाज झटकन वर-खाली फिरवत गायचं ते, सुरू केलं तसं मागून एक आजोबा म्हणाले, अहो हे तर आपले किशोरदा! काका हसले, म्हणाले उलटं आहे आजोबा, किशोरदांनी यांच्या रेकॉर्ड ऐकलेल्या. तिथून सगळे जे सरसावून बसले ते नऊ वाजेपर्यंत.

लॉरेटा लिन तर मला अख्खी आपल्याकडचीच वाटली. केंटकीतल्या खाणकामगाराची पोर, पंधराव्या वर्षी लग्न, चार पोरं झाल्यावर गाण्याकडे वळली. नवऱ्यानं १७ डॉलरची गिटार आणून दिली त्यावर शिकली आणि १९६० ला पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा दोघं नवरा-बायको गाडीत रेकॉर्ड टाकून एकेका रेडिओ स्टेशनला जायचे, आमचं गाणं वाजवा म्हणायला. झोपायचं गाडीतच. आपल्याकडे पिक्चरमधे दाखवतात तसं एका रात्रीत काही झालं नाही तिचं.

पण मला सगळ्यात जास्त ज्या बैठकीनं धरून ठेवलं ती डॉली पार्टनची. दोन बैठका लागल्या तिला, आणि लागायलाच हव्या होत्या. १९४६ चा जन्म, बारा भावंडं, एका खोलीचं घर, आणि ती जन्मली तेव्हा बापानं डॉक्टरला पैशांऐवजी मक्याच्या पिठाचं पोतं दिलेलं. लहानपणी आईनं चिंध्या जोडून, म्हणजे आपण गोधडी शिवतो तसा, तिला कोट शिवून दिला, शाळेत पोरं हसली. त्या कोटाचं गाणं तिनं १९६९ ला लिहिलं, टूरच्या बसमधे, आणि कागद नव्हता म्हणून कुणाच्या तरी सुटाच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीमागे. काकांनी हे सांगितलं तेव्हा शेजारच्या टपरीतून इस्त्रीचा वास येत होता बघा, त्यामुळे ती पावती मला अगदी डोळ्यासमोर दिसली.

मग एल्व्हिसचा किस्सा. डॉलीनं निरोपाचं एक गाणं लिहिलेलं, ज्यांच्या शोमधे ती सात वर्षं होती त्या पोर्टर वॅगनर यांना सोडून जाताना. एल्व्हिस प्रेसलीला ते गायचं होतं, सगळं ठरलं, आणि आदल्या दिवशी त्याच्या मॅनेजरचा फोन की गाण्याचे निम्मे हक्क आम्हाला द्यावे लागतील. ती नाही म्हणाली. रात्रभर रडली पण नाही म्हणाली. पुढे १९९२ ला व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं गायलं आणि जगभर गाजलं, हक्क सगळे डॉलीकडेच. यावर काका थांबले आणि आपल्या वामनदादा कर्डकांबद्दल बोलायला लागले, आणि मला हेच काकांचं फार आवडतं, की ते तिकडचं सांगताना इकडचं विसरत नाहीत. वामनदादा आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२ चा जन्म, शाळा नाही, मोठेपणी अक्षरं शिकले, आणि आयुष्यभर गावोगाव फिरून हजारो गाणी लिहिली, गायली. शेवटच्या कडव्यात वामन हे नाव यायचंच. आपल्याकडे तुका म्हणे पासूनची ती पद्धत. हक्काचा कागद नसला तरी गाण्यातच सही. समोर बसलेल्या कॉलेजच्या पोरांपैकी निम्म्यांना वामनदादा नाशिक जिल्ह्याचे हे माहीत नव्हतं याचं मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर देशवंडी हे गावाचं नाव मलाही नव्हतं माहीत.

चहानंतरचा भाग म्हणजे गोल. टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात ब्लूबर्ड कॅफे म्हणून एक छोटीशी जागा आहे, १९८२ पासूनची, दुकानांच्या रांगेत, नव्वदेक माणसं बसतील एवढीच. तिथे गाणी लिहिणारे मधोमध तोंडाला तोंड करून बसतात, पाळीपाळीनं आपलं गाणं गातात आणि ते कसं सुचलं ते सांगतात, भोवती लोक, आणि कुणी बोललं की त्याला गप्प करतात. काकांनी तेच इथे उचललंय. तीन खुर्च्या मधे, फोन दारातल्या टोपलीत. ही टोपली मला पहिल्यांदा जाचक वाटली पण आता वाटतं हीच तर बैठकीची जान आहे, कारण कोण रेकॉर्ड करतंय याची भीती नसली की माणसं खरं बोलतात.

दुसऱ्या बैठकीला निफाडकडची एक ताई बसली होती, मेडिकलमधे कामाला आहे, गाणी लिहिते. तिनं कांद्यावरचं गाणं म्हटलं, चाल सुरेख, पण मुखडा होता कांद्यानं आणलं डोळ्यांत पाणी. टाळ्या पडल्या. काकांनी तिला एकच विचारलं, ताई त्या दिवशी घरी नेमकं काय झालेलं? ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, वडील मार्केटवरून ट्रॅक्टर रिकामा करून आले, हातात कांदा विकल्याच्या हिशोबाची पट्टी होती, हमाली तोलाई वजा जाता जे राहिलं ते आईनं विचारलं तर बोललेच नाहीत, पट्टीची घडी घातली आणि चंचीत ठेवली. काका म्हणाले हे का नाही गाण्यात? बस, एवढंच, पुढे भाषण नाही काही नाही.

दोन बैठकांनी ती परत आली. मुखडा बदललेला, पट्टी घडी घालून ठेवली बापानं, चंचीत तंबाखूपाशी. ह्यावेळी टाळ्या लगेच नाही पडल्या. माझ्या पुढच्या खुर्चीतले एक द्राक्षवाले शेतकरी दादा होते, त्यांनी नुसता खिशावर हात ठेवला.

त्याच दिवशी पडद्यावर विली नेल्सन होता ते बरं झालं. १९३३ चा जन्म, आयुष्य बसमधे गेलेलं, १९६९ पासून एकच गिटार वाजवतोय, ट्रिगर नाव तिचं, वाजवून वाजवून लाकडाला भलंमोठं भोक पडलंय तरी बदलली नाही. १९९० ला टॅक्सवाल्यांनी त्याची जप्ती केली, १ कोटी ६७ लाख डॉलर बाकी होते. त्याला काळजी एकच, ट्रिगर जायला नको, म्हणून मुलीला सांगून ती आधीच हलवली. जप्ती हा शब्द आपल्या जिल्ह्यात कुणाला समजवावा लागत नाही, गॅरेजमधे एकदम चिडीचूप. मग लिलावात काय झालं तर चाहत्यांनी, मित्रांनी त्याच्या वस्तू विकत घेऊन त्याला परत दिल्या. आणि ह्याच माणसानं त्याच्या पाच वर्षं आधी, १९८५ ला, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी फार्म एड हा कार्यक्रम सुरू केलेला, जो अजून चालूये. द्राक्षवाल्या दादांनी विचारलं की ते पैसे खरंच शेतकऱ्याच्या हातात जातात का हो? काकांनी नीट सांगितलं की हेल्पलाइन आहे, वकिलाचा सल्ला मिळतो, अडचणीत मदत मिळते, सगळ्यांची कर्जं काही फिटत नाहीत. उगाच रंगवून सांगितलं नाही हे मला पटलं.

आता जे खटकलं तेपण सांगते. साडेसहा म्हणजे पावणेसात सातच, पाचही वेळा. लांबून येणाऱ्यांना शेवटची बस बघावी लागते त्यामुळे हे सुधारायलाच पाहिजे. मच्छर प्रचंड, ओडोमॉस लावूनच जा. मुलाखतीच्या खाली इंग्रजी अक्षरं येतात ती मागच्या दोन रांगांना दिसत नाहीत, मधे खांब येतो. डावीकडच्या स्पीकरला गरगर आवाज आहे, तिसऱ्या बैठकीत एक हळू गाणं त्यात पार गेलं. एकदा तिकडच्या एका गाणाऱ्याशी व्हिडिओ कॉल लावू म्हणून सांगितलं, २०० चे ३०० घेतले, आणि नेट गेलं तर तासभर नुसते बसून. काकांनी शंभर शंभर परत दिले हे खरं, पण वेळ गेलाच ना. आणि थालीपीठ दुसऱ्यांदा मागितलं तर संपलेलं असतं, आधीच सांगून ठेवा. टू व्हीलर लावायला जागा आहे, फोर व्हीलर आणूच नका, गल्लीत वळत नाही.

पाचव्या वेळी मी मामींना घेऊन गेले. मामा ऑर्केस्ट्रात ऑर्गन वाजवायचे, गणपती नवरात्र जत्रा लग्नं, येवला मालेगाव मनमाड, आठ आठ दिवस घरी नसायचे. पहाटे टेम्पो गल्लीच्या तोंडाशी सोडायचा आणि मग दुपारपर्यंत आम्हा पोरांना ओरडायची बंदी, मामा झोपलेत. मला त्यांचा स्टेजचा शर्ट आठवतो, जांभळा साटीनचा, मामी तो उलटा करून सावलीत वाळत घालायच्या, रंग उडू नये म्हणून. हुकांच्या जागी घामानं पांढरे डाग पडलेले, ते लिंबू लावून काढायच्या. मामांना जाऊन सहा वर्षं झाली. मामींना इंग्रजी येत नाही, गुडघे दुखतात, यायला तयार नव्हत्या, थालीपीठ आहे म्हणून सांगून नेलं.

त्या दिवशी डॉलीचा दुसरा भाग होता, घरचं आयुष्य. नवरा कार्ल डीन, १९६६ ला लग्न, त्याचा रस्त्याच्या डांबरीकरणाचा धंदा, बायको जगभर फिरतेय पण हा कधी तिच्या झगमगाटात आला नाही. मार्च २०२५ ला तो गेला, ५८ वर्षांचा संसार. काकांनी पडदा थांबवला तर मामींनी शाळेत करतात तसा हात वर केला. म्हणाल्या, तो तिचं गाणं ऐकायला कधीच गेला नाही का? काका म्हणाले, लोकांसमोर फारच क्वचित दिसायचा. मामी म्हणाल्या, मीपण नाही गेले. एकदासुद्धा नाही. ह्यांनी कधी चल म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं तिथे बायका नाचतात, मी कशाला. आणि त्यांना वाटायचं मला आवडत नाही.

काकांनी घाई केली नाही. चहा झाल्यावर गोलातली एक खुर्ची रिकामी होती, काकू स्वतः येऊन मामींचा हात धरून घेऊन गेल्या. मामी गात नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं, मामा घरी आले की जेवताना कुठलं गाणं चाललं, कुठल्या गावात लाइट गेली, कुठे पैसे बुडाले, कुठे एका म्हाताऱ्यानं स्टेजवर येऊन दहाची नोट दिली, ते सगळं. एवढं मामींना पाठ होतं. गोलातल्या गिटारवाल्या पोरानं विचारलं, मामांचं आवडतं गाणं कुठलं? त्यांनी सांगितलं आणि त्यानं ते हळूच वाजवलं, गायलं कुणीच नाही. मामी शर्टाचं काही बोलल्या नाहीत, पण घरी जाताना गाडीवर मागून म्हणाल्या, तो जांभळा शर्ट अजून आहे गं, ट्रंकेत.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो उशिरा सुरू करण्याचा आणि त्या स्पीकरचा. बुकिंग गुरुवारपर्यंत फोनवर करावं लागतं, आयत्या वेळी जागा मिळत नाही. पुढच्या चौथ्या शनिवारच्या दोन खुर्च्या मी घेऊन ठेवल्यात, एक खांबापासून लांबची, पाठ टेकायला भिंत असलेली, मामींसाठी.