जीटी ७३० (१२८ बिटवालं): बरेच महिने वापरल्यावर, आणि एका व्हीजीए केबलबद्दल जरा जास्तच

जीटी ७३० हे एनव्हिडियाचं जुनं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवणारं. त्याची माहिती पुष्कळांना पाठ आहे, ती सगळी परत लिहीत नाही. दोन जीबी डीडीआर थ्री मेमरी, मागे मॉनिटर जोडायला व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय अशी तीन तोंडं, वेगळी पॉवर वायर लागत नाही. माझ्याकडे ते २०१२ साली जोडून घेतलेल्या मशीनमध्ये आहे. आय थ्री २१२० प्रोसेसर, एच ६१ मदरबोर्ड, आठ जीबी रॅम आणि साडेअठरा इंची मॉनिटर, ज्याला फक्त व्हीजीए आहे. गेम खेळत नाही. सोसायटीचा खजिनदार आहे, त्यामुळे मेंटेनन्सचे हिशेब, मराठीत नोटिसा, जनरल बॉडीचं इतिवृत्त, आणि रात्री जेवण झाल्यावर यूट्यूबवर नाट्यगीतं. एवढ्यासाठी नवा कॉम्प्युटर घेणाऱ्यातला मी नाही.

कार्ड घेतलं कारण बोर्डावरचं व्हीजीए तोंड ढिलं झालं होतं. केबलला नुसता हात लागला की सगळी स्क्रीन गुलाबी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो, दुकानदाराने सेकंडहँड कार्डाचे अठराशे सांगितले, तेराशेला तुटलं. देताना तो आवर्जून म्हणाला, "साहेब, हे १२८ बिट आहे, ते ६४ वालं नाही." बिट म्हणजे कार्डाच्या मेमरीचा रस्ता किती रुंद ते. मोठा आकडा ऐकून बरं वाटतं. लावलं, चाललं, विषय संपला. तेव्हा लिहायला बसलो असतो तर चार ओळीत आटपलं असतं.

मग हार्ड डिस्क टकटक करायला लागली. जवळच्याच एका दुकानात मशीन दिलं, त्यांनी एसएसडी टाकून विंडोज १० नव्याने भरलं. आणायला गेलो तर स्क्रीनवर सगळं फुगलेलं. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचं चित्र रुंद मॉनिटरवर ताणून बसवलेलं, रीसायकल बिनसुद्धा आडवी सुटलेली. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, कार्ड गेलंय. ड्रायव्हर घेतच नाही." ड्रायव्हर म्हणजे कार्ड कसं चालवायचं ते विंडोजला सांगणारा प्रोग्रॅम. घेत नाही हे त्याने मला दाखवलंही. एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर चालवला, इन्स्टॉलरने थोडा विचार केला आणि सांगितलं की या ड्रायव्हरला जुळणारं ग्राफिक्स हार्डवेअर सापडलं नाही.

"बघा, कार्ड दिसतच नाहीये त्याला."

"अरे बाबा, दिसत नाही तर समोर चित्र कुठून येतंय? केबल कार्डालाच लावलीय ना?"

"ते बेसिक आहे काका. बेसिक कशावरही चालतं."

मग नेहमीचं गाऱ्हाणं सुरू झालं. बोर्ड जुना, प्रोसेसर जुना, सगळं मिळून अठरा हजारात नवं करून देतो, एसएसडी हीच वापरू, तेवढे वजा करतो. कार्ड काढून बोर्डावरचं ग्राफिक्स वापरा असं म्हणायचीही सोय नव्हती. तोंड ढिलं आहेच, आणि या पिढीच्या प्रोसेसरसाठी इंटेलने विंडोज १० चा अधिकृत ग्राफिक्स ड्रायव्हर कधी काढलाच नाही. मी एसएसडीचे पैसे दिले. वर पाचशे सर्व्हिस चार्ज मागितला, त्यावर घासाघीस करून तीनशे दिले आणि मशीन रिक्षात घालून घरी आणलं. गेलेल्या कार्डाची तपासणी फी तीनशे, हे अजून टोचतं.

'बेसिक' म्हणजे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर. विंडोजला नेमका ड्रायव्हर मिळाला नाही की ते या कामचलाऊ ड्रायव्हरवर चित्र दाखवतं. कार्ड खरंच मेलेलं असतं तर तेही आलं नसतं, किंवा स्क्रीनभर रंगीत ठिपके-पट्टे आले असते. म्हणून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनला जोडलेल्या वस्तूंची विंडोजमधली यादी, उघडला. कार्डाच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्सचा टॅब, आणि तिथल्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडायचं. माझ्या कार्डाचा आयडी होता व्हीईएन १०डीई, डीईव्ही ०एफ०२. पहिला भाग एनव्हिडियाचा, दुसरा नेमक्या चिपचा. म्हणजे कार्ड स्वतःचं नाव-गाव नीट सांगत होतं. ऐकणारा चुकीच्या यादीत शोधत होता.

कारण जीटी ७३० हे एक कार्ड नाहीच. जून २०१४ मध्ये या नावाने तीन कार्डं आली. दोन केप्लर या त्यातल्या नव्या पिढीच्या चिपची, ३८४ कोअर आणि ६४ बिट, एकात जीडीडीआर फाइव्ह मेमरी, एकात डीडीआर थ्री. तिसरं फर्मी चिपचं, ९६ कोअर आणि १२८ बिट. फर्मी म्हणजे २०१० ची पिढी, नव्या खोक्यात जुना माल. वीजही जास्त खाते, केप्लरचं डीडीआर थ्री कार्ड २३ वॉटचं, हे ४९ वॉटचं. त्यामुळे खोक्यावर ज्याचा बिटचा आकडा मोठा, तेच म्हातारं. लॅमिंग्टन रोडवाला खोटं बोलला नव्हता, एवढंच.

ड्रायव्हरची भानगड इथेच आहे. फर्मीची साथ २०१८ मध्येच सुटली. तिचा या कामाचा ड्रायव्हर ३९१.३५, मार्च २०१८ चा. केप्लरला पुढे ४७० च्या मालिकेपर्यंत ड्रायव्हर मिळत राहिले, सुरक्षा दुरुस्त्या तर सप्टेंबर २०२४ पर्यंत. दुकानातल्या पोराने जीटी ७३० म्हणून ४७० च्या घरातला ड्रायव्हर उतरवला, त्यात ०एफ०२ चं नाव नाही, इन्स्टॉलरने हात वर केले आणि ह्याने कार्डाला मृत घोषित केलं. तुमच्या आयडीत १२८७ असेल तर तुमचं कार्ड केप्लर आहे आणि पुढचा परिच्छेद सोडून दिलात तरी चालेल.

मी केलं ते असं. ३९१.३५ ची चौसष्ट बिटची फाइल आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ज्याला सगळे डीडीयू म्हणतात, दोन्ही आधीच पेन ड्राइव्हवर घेतलं. त्या मुलाने कुठलातरी ड्रायव्हर पॅकही चालवून बघितला होता, त्याचे अवशेष काढायला डीडीयू हवंच होतं. नेटची वायर काढली, नाहीतर आपण साफ करतोय तोवर विंडोज स्वतःच काहीतरी आणून बसवतं. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, सेफ मोड, डीडीयू चालवलं. परत नेहमीसारखं चालू करून ३९१.३५, कस्टम निवडून फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर, बाकीच्या खुणा काढून टाकल्या. स्क्रीन एकदा काळी झाली, परत आली आणि रीसायकल बिन आपल्या मापात आली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरचा आकडा २३.२१.१३.९१३५ असा दिसतो, तो बघून घाबरू नका, शेवटचे पाच अंक घेतले की ३९१.३५ होतात. जाता जाता दिसलं की दुकानात विंडोज अपडेटची सर्व्हिसच बंद करून ठेवली होती. ती चालू असती तर कदाचित हे सगळं आपोआप झालं असतं.

इथवर मी खूश होतो. मग नोटीस टाइप करायला बसलो.

रिझोल्युशनच्या यादीत माझ्या मॉनिटरचं १३६६ बाय ७६८ नव्हतंच, १३६० बाय ७६८ होतं. सहा पिक्सेलचा फरक, घरात कोणालाही दिसला नाही. हिने बघितलं आणि म्हणाली, "अहो, छान तर दिसतंय." पण मला दिसत होतं. मॉनिटर १३६० चं चित्र १३६६ ठिपक्यांवर पसरवतो, त्यामुळे स्क्रीनच्या रुंदीत सहा ठिकाणी उभ्या रेघा फिसकटतात. मराठीत हे फार जाणवतं. ७६८ ओळी जशाच्या तशा असल्यामुळे शिरोरेखा अगदी कोरीव, पण तिच्याखालचा काना एका शब्दात काळाभोर आणि पुढच्या शब्दात राखाडी, दुप्पट जाड. 'थकबाकीदारांनी' या शब्दात पहिला काना नीट आणि दुसरा धुरकट. शब्द डावीकडे सरकवला की धूर दुसऱ्या अक्षरावर. एक्सेलच्या उभ्या रेघांचंही तेच.

मॉनिटरचं ऑटो बटण दाबून झालं, अक्षरं सुधारणारं विंडोजचं क्लिअरटाइप करून झालं, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये १३६६ हाताने भरून बघितलं तर चित्र एका बाजूला सरकून काळी पट्टी आली. मूळ भानगड अशी की पडद्याची रुंदी ठरवण्याची जुनी गणितं आठच्या पटीत चालतात, १३६० ला आठाने भाग जातो, १३६६ ला जात नाही. मॉनिटरने स्वतः "मी १३६६ चा आहे" असं कळवलं तरच कार्ड ते नीट पाठवतं. त्या आठवड्यात कोणी विचारलं असतं तर मी या कार्डाला पाचपैकी दोन दिले असते आणि वर फर्मीच्या नावाने चार शब्द.

ते दोन आता मागे घेतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरच्या जागी 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' लिहिलेलं होतं, म्हणजे मॉनिटरचं म्हणणं कार्डापर्यंत पोचतच नव्हतं. ते जातं व्हीजीएच्या बाराव्या आणि पंधराव्या पिनमधून. केबल काढून टॉर्च मारला. तिसऱ्या ओळीत त्या दोन जागी पिनाच नाहीत, सपाट प्लास्टिक. (नववी पिन नसते पुष्कळ केबलींना, त्याने सहसा बिघडत नाही.) आणि मग लक्षात आलं की ही केबलच माझी नाही. माझी जाड होती, दोन्ही टोकांना फुगीर गोळे असलेली. ही बुटाच्या नाडीएवढी.

दुकानात गेलो. "कोणती केबल काका? हीच तर होती." काउंटरमागच्या खिळ्यावर केबलींचा झुपका लटकत होता. माझ्या केबलवर चिकटपट्टी लावून मी फ्लॅट नंबर लिहून ठेवलेला असतो, सोसायटीचा प्रोजेक्टर जोडायला ती खाली जाते म्हणून. झुपक्यात ती पट्टी मला बाहेरूनच दिसली. मी नुसतं बोट दाखवलं. त्याने काढून दिली, एक अक्षर बोलला नाही. तीनशेचा विषय मी काढला, तेव्हा मालक जेवायला गेलेले होते.

घरी येऊन लावली, मॉनिटरचं खरं नाव आलं, यादीत १३६६ बाय ७६८ आलं, समोर 'शिफारस केलेलं' असंही. सगळे काने एकसारखे. तेव्हापासून कार्डाला चार. पाचवा गुण पंख्यामुळे गेला.

पंखा छोटा आहे आणि ४९ वॉटची उष्णता त्याच्या आवाक्याबाहेरची. मे महिन्यात डोंबिवलीत दुपारी स्क्रीन मध्येच काळी होऊन परत यायची. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद, डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता आणि तो सावरला आहे. विंडोज ठरावीक दोन सेकंद कार्डाची वाट बघतं, उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर झटकून पुन्हा उभा करतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांत, जाऊन हे दोन सेकंद वाढवायचा सल्ला सगळे देतात, मी तो मानला नाही, कारण कार्ड अडतं कशाने ते त्यातून कळत नाही. कार्ड काढलं तर पंख्याखाली धुळीचा नमदा बसलेला. ब्रशने काढला, पंख्यावरचं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. त्यानंतर ती नोंद क्वचितच दिसते. दिसली आणि स्क्रीन अडकून राहिली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, उघडलेली एक्सेलची फाइल वाचते.

यूट्यूबबद्दल थोडं. ते आता पुष्कळ व्हिडिओ व्हीपी ९ या साच्यात (कोडेकमध्ये) आवळून पाठवतं आणि हे कार्ड ते उलगडू शकत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. एच २६४ हा जुना साचा मात्र कार्ड स्वतः उलगडतं. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय नावाचं एक्स्टेंशन टाकलं की यूट्यूब एच २६४ देतं आणि सीपीयूचा पंखा गप्प बसतो. केप्लरवाल्यांनीही हेच करावं, व्हीपी ९ त्यांनाही नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नाव नोंदवलं तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ चा प्रश्नच नाही, त्याला आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लागतात. विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून बघितलं, त्यातल्या नूवो ड्रायव्हरने काहीही न टाकता १३६६ दिलं, इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठीही व्यवस्थित. हिशेबाच्या जुन्या मॅक्रोंचं काय करायचं ते ठरलं की तिकडे जाईन.

घ्यावं का? मॉनिटर जोडण्यापुरतं हवं असेल तर घ्या, पण केप्लरवालं मिळत असेल तर तेच, कमी तापतं. विकणाऱ्याला मशीनला लावून डिव्हाइस मॅनेजरमधला आयडी दाखवायला सांगा, १२८७ हवा. तो टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. ०एफ०२ निघालं तर मी आज हजाराच्या वर जाणार नाही, मग त्याचं किती का बिट असेना.