जॅकेट की विंग, या बोलण्यात माझे ३२ हजार गेले

स्कूबाचं सामान सेकंड हँड घ्यायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. विकणाऱ्याचं नाव देत नाही, पण त्याची बोलायची पद्धत सांगते. तीच पद्धत तुमच्यासमोर आली तर तिथेच थांबा.

मी पुण्याची. पहिली डुबकी तारकर्लीला मारली, पुढे अंदमानात कोर्स केला. २२ डाइव्ह झाल्यावर स्वतःचं बीसीडी, म्हणजे हवा भरून किंवा सोडून पाण्यात तरंगणं सांभाळायचं अंगावरचं साधन, हवंसं वाटू लागलं. सेंटरवर भाड्याने मिळतं ते बहुतेक जॅकेट असतं. त्यात पाठीबरोबर काखेखाली आणि कमरेच्या बाजूंनाही हवा भरते, आणि वर आलं की ते तुम्हाला उभं धरून ठेवतं. दुसरा प्रकार विंग, त्यात हवा फक्त पाठीमागे असते, मध्ये धातूची प्लेट आणि अंगावर पट्टे. पाण्याखाली शरीर छान आडवं राहतं, छाती-पोट मोकळं वाटतं. मात्र पृष्ठभागावर हवा जास्त भरली तर तोंड पुढे पाण्याकडे ढकललं जातं. आपल्याकडच्या कोमट पाण्यात दोन्ही चालतात.

तो माणूस मुंबईत भेटला. ओळखीतल्या ओळखीतून नंबर मिळाला होता. "परदेशातून आणलेली, एकदाही पाण्यात न गेलेली" विंग, स्टीलच्या प्लेटसकट. तो म्हणाला, "जॅकेट शिकाऊ लोकांसाठी असतं. तुम्ही आता शिकाऊ राहिलात का मॅडम?" पुढचा पाऊण तास तो याच विषयावर बोलत होता आणि मीही त्याला प्रश्न विचारत होते, पण सगळे जॅकेट आणि विंगबद्दलचे. समोर ठेवलेल्या वस्तूबद्दल एकही नाही. माझ्या मते फसवणूक इथेच झाली. कोणता प्रकार घ्यावा या चर्चेत त्याने मला इतकं गुंतवलं की हीच विंग घ्यावी का, हे बघायचं राहून गेलं.

विंगची उचल, म्हणजे पाण्यात वर उचलून धरायची ताकद, ६० पाउंड, साधारण २७ किलो. "जितकी जास्त उचल, तितकी सुरक्षितता," तो म्हणाला, आणि मला ते पटलं. त्याने माझ्यासमोर हवा भरून दाखवली. पाच मिनिटं विंग टणक राहिली. मी यूपीआयने ३२ हजार दिले. बिल मागितलं तर म्हणाला, पाठवतो.

नेत्राणीला, म्हणजे मुरुडेश्वरहून बोटीने जातात त्या बेटापाशी, ती पहिल्यांदा वापरली. बोटीत फुगवून ठेवलेली विंग उतरायच्या वेळेपर्यंत मऊ पडली होती. झाकण नीट लागलं नसेल असं समजून मी पुन्हा हवा भरली. तेव्हाच थांबायला हवं होतं. १४ मीटरवर इन्फ्लेटरचं, म्हणजे विंगमध्ये हवा भरायच्या यंत्राचं, बटण एकदा दाबलं आणि ते परत वर आलंच नाही. कानाजवळ सतत सूंऽऽ आवाज, आणि मी वर जाऊ लागले. दोरी ओढून हवा सोडायला गेले, पण ती पुरेशी सुटेना. श्वास रोखायचा नाही एवढं डोक्यात पक्कं होतं, म्हणून फुफ्फुसं वाचली. इन्स्ट्रक्टरने माझा पट्टा पकडला, इन्फ्लेटरला सिलेंडरची हवा पुरवणारी नळी, म्हणजे होज, खटकन काढली आणि विंगची कड दाबून हवा बाहेर काढली. तोवर आम्ही ८ मीटरवर आलो होतो.

इन्स्ट्रक्टर मालवणचा. बोटीत चढल्यावर त्याने विंग उलटीसुलटी करून पाहिली. "अगो, ही दोन सिलेंडरची विंग आसा."

दोन सिलेंडर शेजारी-शेजारी बांधतात तेव्हा विंग रुंद लागते. तीच एका सिलेंडरला लावली की तिच्या कडा करंजीच्या पारीसारख्या सिलेंडरभोवती मुडपतात आणि घडीत हवा अडकते. इतक्या उचलीची मला गरजही नव्हती. भरलेल्या सिलेंडरमधली हवा अडीच किलोच्या आसपास असते, ३ मिलिमीटरचा सूट खोलवर दबून एक-दोन किलोची तरंगण गमावतो. वर आल्यावर डोकं पाण्याबाहेर ठेवण्याइतकी भर धरली तरी १३-१४ किलोची विंग पुष्कळ होते.

घरी आल्यावर तिची चेन उघडली. बाहेरची खोळ कोरी, पण आतली पिशवी, म्हणजे ब्लॅडर, पिवळट पडलेली. शिवणीजवळ दोन बोटं रुंद ठिगळ, त्याच्या कडेने वाळलेला गोंद. तोंड खाली करून हलवली तर गढूळ पाणी आणि मिठाचे खडे पडले. तसंच मीठ बटणाच्या स्प्रिंगभोवती साचलं होतं, त्यामुळेच ते अडकलं. एकदाही पाण्यात न गेलेल्या विंगमध्ये मीठ कुठून येईल? जुनी ब्लॅडर नव्या खोळीत घातलेली होती.

फोन केला तर नंबर ब्लॉक. पैसे गेले ते खातंही दुसऱ्याच नावाचं निघालं. चौकीत अर्ज दिला आहे, अजून काही हाती लागलेलं नाही.

घेणार असाल तर विंग गच्च फुगवा आणि रात्रभर ठेवून पहा, पाच मिनिटांनी काहीच कळत नाही. पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे बघा. चेन असेल तर ब्लॅडर बाहेर काढून बघा, आत पाणी घालून हलवा आणि ते वाटीत ओतून चाखा. खारट लागलं तर ती वापरलेली आहे. बटण पन्नास वेळा दाबा, प्रत्येक वेळी ते झटकन वर आलं पाहिजे. विकणारा यातल्या कशालाही वेळ नाही म्हणाला, तर उठून या. आणि बटण अडकलं तर होज एका हाताने, न बघता काढायचा सराव पाण्यात उतरण्याआधी करा. मी तो केला नव्हता.

प्लेट आणि पट्टे चांगले होते, ते ठेवले. ब्लॅडर कात्रीने उभी चिरून टाकली, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या पाठीवर जाणार नाही.