यंत्रमाग कामगारांनी आधी काय मागावे: प्रशिक्षण की उत्पन्नाची हमी?

साध्या यंत्रमागांच्या जागी रॅपियर माग, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे आधुनिक माग, येऊ लागले की मागणीपत्रात पहिली मागणी कोणती असावी, हे सोलापुरातील कामगार संघटनांना ठरवावेच लागते. नव्या कौशल्याचे प्रशिक्षण मागावे, की काम सुटल्यावरच्या उत्पन्नाची हमी?

तरुण विणकराच्या दृष्टीने प्रशिक्षणाची बाजू भक्कम आहे, कारण रॅपियरवर एकच कामगार अनेक माग सांभाळतो आणि ज्याला इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड (कापडावर नक्षी विणणारे यंत्र) चालवणे व मागाची दुरुस्ती जमते, त्याचे स्थान टिकते. परंतु रॅपियरला आडवा धागा नेणारा धोटा लागत नाही, तो धागा थेट कोनवरून (सुताच्या शंकूसारख्या मोठ्या रिळावरून) येतो. त्यामुळे धोट्यासाठी कांड्या (सुताची छोटी रिळे) भरण्याचे काम बदलत नाही, संपते. ते करणाऱ्या पन्नाशीच्या बाईला कसले प्रशिक्षण देणार, याचे उत्तर प्रशिक्षणाचे समर्थक सहसा देत नाहीत.

युरोपातील सर्वेक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांत, ज्यांचे काम ठरावीक आणि यंत्राला करता येण्याजोगे आहे, असे लोक उत्पन्नाच्या पुनर्वाटपाला अधिक पाठिंबा देताना आढळले आहेत. सोलापुरात मात्र यंत्राच्या भीतीइतकाच पूर्वानुभवही मत घडवतो, असे मला वाटते. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या नावे भविष्य निर्वाह निधी असू शकतो, तर तिच्याच घरातील विणकराची कुठेच नोंद नसते. अशा घरात हमीची मागणी समजावून सांगावी लागत नाही.

हमीची खरी अडचण पात्रतेची आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतील अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेरोजगारास सरासरी मजुरीच्या 50 टक्के रक्कम कमाल 90 दिवस देण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी आधी विमा हवा आणि विम्यासाठी साधारणतः कारखान्यात किमान 10 कामगार हवेत. लहान कारखाने इथेच बाहेर राहतात. गंमत अशी की 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी जो पुनर्कौशल्य निधी आहे, त्यातून मिळतात ते 15 दिवसांच्या वेतनाइतके रोख पैसे. वर्ग भरवण्याची सक्ती त्यात नाही.

सभासद मुख्यतः तरुण विणकर असतील तर प्रशिक्षणाला अग्रक्रम देणे योग्य ठरेल. अन्यथा विमा व भविष्य निर्वाह निधीची नोंद आधी मागावी, आणि त्या यादीत कांड्या भरणाऱ्या स्त्रियांची नावे विणकरांच्या आधी घालावीत, कारण रॅपियर आल्यावर सर्वप्रथम काम सुटते ते त्यांचेच.