अलीकडे पाहिलेले सिनेमे, आवाजाच्या बाजूने

रेकॉर्ड झालेली ऑडिओबुकं ऐकून तपासायची, हे माझं काम. कुठे वाचणाऱ्याचा श्वास जोरात आला, कुठे पान उलटल्याचं ऐकू आलं, कुठे मागे पंखा चालू राहिला, हे टिपण्यात दिवस जातो. त्यामुळे सिनेमा लावला की माझं लक्ष आधी आवाजाकडे जातं. अलीकडे पाहिलेल्यांतले जे मनात राहिलेत तेही आवाजामुळेच.

सगळ्यात जास्त रुतून बसला तो जोनाथन ग्लेझरचा ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ (२०२३). नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ हॉस, त्याची बायको हेडविग आणि मुलं यांचा हा संसार. छावणीच्या भिंतीला लागूनच घर, फुललेली बाग, मुलांना डुंबायला छोटा हौद. त्या भिंतीपलीकडची क्रूरता कॅमेरा एकदाही दाखवत नाही. ती फक्त ऐकू येते. भट्ट्यांची न थांबणारी घरघर, कुत्र्यांचं भुंकणं, ओरडून दिलेले हुकूम, गोळीचा आवाज, मधेच एखादी किंकाळी. आणि भिंतीच्या अलीकडे हेडविग तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन एकेक फूल दाखवत असते.

ध्वनिसंयोजक जॉनी बर्नने यासाठी कॅमेरा सुरू होण्याआधीच अभ्यास करून सहाशे पानांचं टिपण तयार केलं होतं. कोणते आवाज कुठून आणि किती अंतरावरून ऐकू येत असतील याचा तो हिशोब होता. २०२४ मध्ये त्याला आणि टार्न विलर्सला ध्वनीचं ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्य हातांत गेलं. पण माझ्या लेखी खरं कसब वेगळंच आहे. ती घरघर इतकी अखंड चालते की काही वेळाने आपला कान तिची नोंद घेणं सोडतो. मग हेडविगची आई मुक्कामाला येते. तिला त्या आवाजांची सवय नाही, रात्री झोप लागत नाही आणि एका सकाळी ती न सांगता निघून गेलेली असते. त्या क्षणी मला पुन्हा सगळं ऐकू यायला लागलं. त्या कुटुंबाने स्वतःचं काय करून घेतलं आहे, हे सांगायला ग्लेझरला एकाही संवादाची गरज पडलेली नाही. ‘यात काही घडतच नाही’ असं म्हणणारे भेटले. त्यांना एवढंच सांगेन की हा सिनेमा मोबाइलच्या स्पीकरवर पाहू नका. त्यावर अर्धा सिनेमा पोचतच नाही.

‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८) मी मोठ्या आशेने लावला होता. आवाज केला की मरण, ही कल्पनाच माझ्यासारखीला ओढून नेणारी. ऐकू न येणाऱ्या मुलीच्या भूमिकेत मिलिसेंट सिमंड्स आहे, ती स्वतः कर्णबधिर आहे आणि फार सुंदर काम करते. पण शांततेवर दिग्दर्शकाचा विश्वास टिकत नाही. भीती वाढवायची वेळ आली की पार्श्वसंगीत धावून येतं आणि दचकवणारा दणका बसतो. एकदा पाहायला ठीक.

त्यापेक्षा ‘साउंड ऑफ मेटल’ कितीतरी प्रामाणिक आहे. रिझ अहमदने केलेला रुबेन हा ड्रमर झपाट्याने ऐकू येणं गमावतो. सिनेमा आपल्याला कधी बाहेरून ऐकवतो, कधी त्याच्या डोक्याच्या आतून, जिथे शब्द पाण्याखालून आल्यासारखे बोदे होतात आणि स्वतःच्या शरीराची धडधड तेवढी शिल्लक राहते. पूर्वार्धातली त्याची तडफड रिझ अहमद उत्तम करतो, तरी मला उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटला. कर्णबधिरांचं आश्रयगृह चालवणारा ‘जो’ नावाचा माणूस त्याला दुरुस्त व्हायला नाही, शांत बसायला शिकवतो. ही भूमिका करणाऱ्या पॉल रेसीचे आईवडील कर्णबधिर होते. त्यामुळे त्याच्या हातांची खुणांची भाषा मुद्दाम शिकल्यासारखी वाटत नाही, बोलता बोलता सहज येते.

एक तक्रार आहे. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, लावल्यानंतर रुबेनला सगळं धातूवर घासल्यासारखं ऐकू येतं, ते सुरुवातीच्या काळापुरतं पटतं. पण अशा यंत्रातून येणारे संकेत ओळखायला मेंदूला सरावाचे महिने लागतात आणि पुढे अनेकांना त्याचा चांगला उपयोग होतो. सिनेमात याला पुरेशी जागा नाही. शस्त्रक्रियेच्या विचारात असलेल्या एखाद्या घराने हे पाहिलं तर ते नाहक घाबरतील, याचं मला वाईट वाटलं.

फ्रान्सिस फोर्ड कपोलाचा ‘द कॉन्व्हर्सेशन’ (१९७४) मात्र माझ्याच धंद्याचा. चोरून संभाषणं टेप करणारा हॅरी कॉल सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये भर दुपारच्या गर्दीत फिरणाऱ्या एका जोडप्याचं बोलणं मिळवतो. मग आपल्या कार्यशाळेत वेगवेगळ्या टेप जुळवत, बटणं फिरवत एकेक वाक्य गर्दीतून बाहेर काढतो. टेप मागे घे, पुन्हा ऐक, आणखी थोडं साफ कर. जीन हॅकमन हे इतक्या मन लावून करतो की मला त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसावंसं वाटलं. वॉल्टर मर्चचं ध्वनिकाम इथे कथेला नुसती साथ करत नाही, कथाच पुढे नेतं. एकच वाक्य आपण पुन्हा पुन्हा ऐकतो आणि स्पष्ट ऐकू येणं म्हणजे समजणं नव्हे, हे हॅरीला फार उशिरा उमगतं. स्त्री-पात्रं पुसट आहेत, मधली पार्टी लांबते. तरीही मी हा सिनेमा कुणालाही आग्रहाने दाखवेन.

आणि आपल्या भाषेतला चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’. २०२० साली व्हेनिसला याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला. शास्त्रीय गायक होऊ पाहणारा शरद रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवतो आणि कानात त्याच्या गुरुजींच्या गुरू माईंची जुनी व्याख्यानं. मागे तानपुरा. माई पडद्यावर दिसत नाहीत, त्यांचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. एवढा न घाईतला, न चढणारा, तरी पाठ ताठ करायला लावणारा आवाज मला रोजच्या कामात क्वचित मिळतो. भावे एप्रिल २०२१ मध्ये गेल्या, सिनेमा नेटफ्लिक्सवर यायच्या काही दिवस आधी.

शरद झालेले आदित्य मोडक आणि त्याचे गुरुजी झालेले अरुण द्रविड दोघेही खरे गायक. म्हणून मैफल चालू असताना कॅमेरा लांबून, न हलता बघत राहू शकतो. शरदचा सूर नेमका कुठे अडतो हे गाण्यातलं फारसं न कळणाऱ्यालाही जाणवतं, कारण आपल्याला तेवढा वेळ ऐकू दिलं जातं. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतल्या मुलीचा धागा मला सोपा वाटला, त्यातून कळतं ते आधीच कळलेलं असतं. बाकी दोन तासांत मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

बघण्याआधी एक करा. टीव्हीला वेगळे स्पीकर नसतील तर ऑडिओच्या यादीत ५.१ (खोलीभर मांडलेल्या अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टीरिओ (दोन स्पीकरांसाठीचा) निवडा, नाहीतर बरेचदा संवाद दबतात आणि बाकीचे आवाज अंगावर येतात. साधा तारेचा हेडफोन असला तरी पुरतो. सुरुवात ‘द कॉन्व्हर्सेशन’पासून करा आणि ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ त्या दिवशी दुसरं काही पाहायचं नसेल तेव्हाच लावा.