वाईनमध्ये बुडवलेलं बकरीचं चीज: दिसायला भारी, भाव लईच

संभाजीनगरला जालना रोडवरच्या एका दुकानात हे मुर्सियाचं, म्हणजे स्पेनकडचं चीज घेतलं. बकरीच्या दुधाचं, पिकवताना लाल वाईनमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवतात म्हणून साल एकदम पिकल्या जांभळासारखी अन् कापलं की आत पांढरंशुभ्र! मला वाटलं वाईनचा भपकारा येईल, पण तसलं काही नाही, सालीजवळ हलका फळासारखा वास अन् आत मऊ, जरासं आंबटसर, म्हणजे बुडवल्याचा मेन फरक रंगात अन् सालीपाशीच. ज्वारीच्या भाकरीसोबत खाल्लं, चाललं की. पण १५० ग्रॅमचे ६८० रुपये घेतले आणि प्लास्टिकमध्ये इतकं घट्ट गुंडाळलेलं की साल चिकट झालेली, पुसून खावं लागलं. आई म्हणली, एवढ्यात तर महिनाभराचं दूध आलं असतं की रे.