हिरवा सहारा संगणकावर उभा करायचाय? बायोम४, एलपीजे-गेस की जोडमॉडेल

सहा हजार वर्षांपूर्वी सहारात गवत होतं, तळी होती, पाणघोडे होते. अल्जेरियातल्या तासिली-न-अज्जेरच्या कातळांवर गुरांचे कळप रंगवलेले आहेत. याबद्दल आता कुणी भांडत नाही. पण तेव्हाची झाडंझुडं संगणकावर उभी करायची ठरवली, समजा एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी, की पहिला घोळ मॉडेल निवडतानाच होतो.

सगळ्यात हलकं बायोम४. साध्या लॅपटॉपवर चालतं. प्रत्येक महिन्याचं सरासरी तापमान, पाऊस, ऊन, जमिनीची पाणी धरायची ताकद आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड एवढं त्याला द्यायचं. नकाशाच्या एकेका चौकटीत ते वनस्पतींचे डझनभर प्रकार तपासतं: हा इथल्या थंडीत टिकेल का, टिकला तर किती पालवी धरली की त्याला सगळ्यात जास्त फायदा? यात जो सरस ठरेल त्यावरून चौकट वाळवंट, गवताळ माळ की जंगल हे ठरतं. काळ ही भानगडच त्यात नाही. त्यामुळे ‘वाळवंटाची कड कुठे होती’ हे विचारा, ‘हिरवाई किती वर्षांत गेली’ हे विचारू नका.

त्याची खरी मजा कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यात आहे. २१,००० वर्षांपूर्वीच्या हिमयुगात तो सुमारे १९० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १९० भाग) होता. इतक्या कमी वायूत झाडाला पानांची रंध्रं जास्त उघडी ठेवावी लागतात, पाणी उडून जातं. पाऊस तेवढाच असला तरी झाडं विरळ होतात आणि उष्ण प्रदेशातल्या गवतांचं फावतं. गाळात सापडलेल्या जुन्या परागकणांची आजच्या हवामानाशी सांगड घालून जुना पाऊस काढणाऱ्याला हा सगळा दुष्काळच वाटतो. बायोम४ मध्ये एकदा फक्त हवामान बदलायचं, एकदा फक्त वायू. कुणाचा वाटा किती ते वेगळं दिसतं. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण यावर निघेल.

एलपीजे-गेस हे वेगळंच काम आहे. यात रोपं रुजतात, एकमेकांवर सावली धरतात, वणव्यात जळतात, मरतात. रुजणं-मरणं काही अंशी नशिबावर सोडलेलं असल्यामुळे ०.१ हेक्टरचे बरेच तुकडे चालवून सरासरी घ्यावी लागते. शिवाय आधी काही शे वर्षं तेच हवामान फिरवत ठेवून माती आणि वनस्पती स्थिरावू द्यायच्या. त्याला वर्षागणिक हवामान लागतं, नुसती सरासरी पुरत नाही. असं सलग हवामान ट्रेस-२१केए या सिम्युलेशनमधून मिळतं, २१,००० वर्षांपूर्वीपासून आजपर्यंतचं. पण त्याची चौकट सुमारे पावणेचार अंशांची, म्हणजे साधारण चारशे किलोमीटरची. कोकणातला धो धो पाऊस आणि घाटापलीकडचा कोरडा पट्टा एकाच चौकटीत!

या दोघांतही हवामान झाडांना सांगतं, झाडं हवामानाला उलटून काही सांगत नाहीत. सहारात नेमकं तिथेच अडतं. हवामानशास्त्रज्ञ चार्नी यांनी १९७५ साली मांडलं होतं की उजळ वाळू ऊन परतवते, हवा खाली बसते आणि पाऊस हटतो. गवत आलं की जमीन काळवंडते आणि उलटं चक्र सुरू होतं. हवामानशास्त्रज्ञ कुट्झबाख यांनी १९८१ मध्ये मॉडेलमधली पृथ्वीची कक्षा बदलून जोरदार मोसमी पाऊस दाखवला खरा, पण नुसत्या कक्षेच्या जोरावर पीएमआयपी या जुन्या हवामानाची मॉडेलं ताडून बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातल्या मॉडेलांचा पाऊस अजूनही पुरेसा उत्तरेला सरकत नाही.

म्हणून जोडमॉडेल, म्हणजे ज्यात हवामान आणि झाडं दोन्ही एकमेकांना बदलतात. क्लाउसेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये क्लाइंबर-२ हे असंच मॉडेल वापरून दाखवलं की साधारण ५,५०० वर्षांपूर्वी हिरवाई झपाट्याने ढासळली. पुढच्याच वर्षी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या सागरी गाळातही धुळीची तशीच उडी दिसली. जुळलं म्हणेस्तोवर २००८ मध्ये क्रोपेलिन यांच्या चमूने उत्तर चाडमधल्या योआ तलावाचा गाळ वाचला, आणि तिथे बदल हळूहळू झालेला निघाला. क्लाइंबर-२ ची चौकट १० अंश अक्षांश बाय ५१ अंश रेखांश! एवढ्यात जागोजागचा फरक पुसला जाणारच. त्याहून बारीक जोडमॉडेल स्वतः चालवायचं तर महासंगणक हवा. पुण्याच्या आयआयटीएमसारख्या संस्थेत असाल, जिथे स्वतःचं पृथ्वी-प्रणाली मॉडेल आहे, तरच नाव काढा.

एकट्याने सुरुवात करणाऱ्याला मी बायोम४च सांगेन. पीएमआयपीच्या निदान चार-पाच मॉडेलांचे ६,००० वर्षांपूर्वीचे आणि औद्योगिकीकरणाआधीचे निकाल फुकट उतरवून घ्या. ते थेट ओतू नका; दोन्हींतला फरक काढून आजच्या मोजलेल्या हवामानात मिळवा. पाऊस कुठे शून्याखाली गेला तर शून्य धरा. फरक काढण्याआधी महिन्यांची लांबी दुरुस्त करा: तेव्हा पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ सप्टेंबरात असायची, आज जानेवारीत असते, त्यामुळे कक्षेतल्या महिन्यांचे दिवस सरकतात. मग आलेला नकाशा बायोम ६००० प्रकल्पातल्या परागकणांच्या नोंदींवर ठेवून बघा.

प्रश्न लोणारसारखा असेल तर मात्र हे पुरणार नाही. त्या सरोवराच्या गाळात ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा लांबलेला दुष्काळ दिसतो, आणि आजूबाजूच्या झाडांवर तो कसा चढत गेला हे हवं असेल तर एलपीजे-गेसला पर्याय नाही. फक्त आधी ट्रेसचा पाऊस आजच्या नोंदींच्या आधारे लहान चौकटींत उतरवून घ्या, नाहीतर बुलढाण्यात कोकणातलं जंगल उगवेल.