पेटीवर देवगड, पेटीत भलतंच

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या गेटवर आंब्याचा टेम्पो लागला. "थेट बागेतून, मध्ये दलाल नाही." पाच डझनांची पेटी साडेतीन हजारांना. विक्रेत्याने नमुना म्हणून एक फळ कापलं. पातळ साल, आत गर्द केशरी गर, घमघमाट! अस्सल देवगड, वादच नाही. अर्ध्या तासात टेम्पो रिकामा.

नमुना खराच असतो, हीच तर मेख. पेटीतला वरचा थरही चांगला होता, त्यावर सिंधुदुर्ग आवृत्तीचा मराठी पेपर पसरलेला. त्याखालचा पेंढा उपसला तर तळाशी कानडी पेपर! तिथली फळं तुकतुकीत, जाड सालीची, खाली निमुळती. कापल्यावर गर फिकट पिवळा, बाठ्याजवळ आंबटसर. शेजारच्या काकू मूळच्या देवगडजवळच्या जामसंड्याच्या. त्यांनी देठाशी नाक नेलं आणि म्हणाल्या, "ह्यो आमचो न्हय."

कर्नाटकी आंबा वाईट असतो असं अजिबात नाही. आमरसाला आम्ही तोच आणतो, पण त्याच्या भावाने. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळालाच. बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकणं म्हणजे सरळ गंडवणं. यात कोकणातला बागायतदारही मरतो, कारण त्याचा खरा भाव ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, "गेटवर तर स्वस्त मिळाला!"

तेव्हा विक्रेत्याने कापलेल्या फळावर जाऊ नका. आपण घेणार तीच पेटी तळापर्यंत उघडायला लावा. कुरकुर केली तर सोडून द्या. देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने 2025 च्या हंगामापासून फळांवर कोडचं स्टिकर सुरू केलंय, ते मागा आणि कोड तिथेच तपासा. नुसतं गोल, चकचकीत स्टिकर कुणीही छापतं.

फोन केला तेव्हा विक्रेता म्हणाला, "साहेब, चार दिवस अढीत ठेवा, रंग येईल." नंतर नंबर ब्लॉक. क्यूआर कोडवर पैसे गेले होते ते कुठल्याशा मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाच्या नावावर. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केलीय. बिल एकालाही दिलेलं नाही, पण वॉचमनच्या रजिस्टरमध्ये टेम्पोचा नंबर सापडला. तो तक्रारीला जोडलाय.